स्वगत बोलणाऱ्या सुनेच्या नावे

मी, श्रीमती मालनबाई कानिफनाथ गुंजाळ, वय ७६, निवृत्त शिक्षिका व हौशी नाट्यमंडळाची दिग्दर्शिका, राहणार संगमनेर, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण माझ्या मुलांचा माझ्या डोक्यावर विश्वास नाही. माझाही त्यांच्या डोक्यांवर नाही.

१. थोरला रविराज स्वतःला नट म्हणवतो. त्याला घसा फोडून शिकवलं, की संवाद समोरच्याकडून काही काढून घ्यायला असतो. स्वगतात समोर कोणी नसतं, म्हणून तिथे माणूस खोटं बोलत नाही. हा स्वगत म्हणताना पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांकडे बघतो आणि टाळीसाठी थांबतो. "आई, तू शंभर वर्षं जग," हेही घरी पाहुणे आले की म्हणतो. त्याला नाटकाचे पडदे व दाढीमिशांची पेटी द्यावी. त्याचा अभिनय तेवढ्यात भागतो.

२. धाकटा तुषार. जनांतिक म्हणजे रंगमंचावर एकाच्या कानाशी बोलायचं आणि बाकीच्या पात्रांनी ऐकू न आल्याचं सोंग करायचं. गेल्या दिवाळीत माझ्यादेखत तोंडाआड हात धरून हा भावाला म्हणाला, "म्हातारी घराचं कधी करनार हाय?" माझं कानाचं यंत्र काढलेलं आहे, असा या शहाण्याचा समज. ते यंत्र त्याला द्यावं.

बँकेतली शिल्लक दोघांनी निम्मी निम्मी घ्यावी आणि त्यावरूनही भांडावं.

३. राहतं घर, तालमीच्या पुढच्या खोलीसह, रविराजची बायको भारती हिला एकटीला. आमचं पटत नाही. मी तिच्या भाकरीला नावं ठेवते, ती माझ्या खोकल्याला. परवा मी देवघरात होते आणि यंत्र कानात होतं, हे तिला ठाऊक नव्हतं. गॅसपाशी एकटीच बोलत होती: "मरत बी न्हाई म्हातारी. सकाळधरनं नुसत्या चुका काढती. आन मेली तर मी भांडू कुनाशी? या दोघा भावांना तर भांडताबी येत न्हाई."

उभ्या आयुष्यात ऐकलेलं खरं स्वगत हे एकच. त्यात माझा अपमान होता, आणि मला रडू आलं.

४. हा कागद माझ्या हयातीत भारतीला दाखवू नये. कळलं तर उद्यापासून ती माझ्याशी गोड बोलेल, आणि मग या घरात खरं बोलणारं कोणीच उरणार नाही.

लिहून देणार: मालनबाई कानिफनाथ गुंजाळ (सही)

आमच्यासमक्ष सही केली:
वाल्मिक छगन पवार, मंडळाचा प्रॉम्प्टर (सही)
चांगुणाबाई सहादू वाकचौरे, शेजारीण (सही)

संगमनेर, जि. अहिल्यानगर
ता. १२ नोव्हेंबर २०२५