अस्वलाबद्दल मी माफी मागणार नाही

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. (नमस्कार मनापासूनचा आहे. पुढचं सगळं भांडण आहे, तेव्हा चष्मा लावून, पाणी पिऊन, बसून वाच.) तुझी तब्येत ठणठणीत असणार असं धरून चालते, कारण परवाच्या तुझ्या पत्रातली अक्षरं इतकी दाबून लिहिलेली होती की कागदाच्या मागून हाताला लागत होती. एवढा जोर असलेला माणूस आजारी नसतो. वहिनींच्या डोळ्याची पट्टी निघाली का? त्यांना नमस्कार सांग, पण हे पत्र इतक्यात वाचून दाखवू नकोस. डॉक्टरांनी त्यांना हसायची परवानगी दिली आहे की नाही, मला माहीत नाही. आई माझ्याकडे मजेत आहे. सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून अस्वलाची हकिगत सांगते. दूधवाल्यानं ती तीनदा ऐकली आहे. आता तो मागच्या दारानं येतो.

तू माझ्याकडून माफीनामा मागितलास, तोही लेखी. दादा, मी माफी मागणार नाही. विम्याच्या कंपनीत तीस वर्षं सर्वेयर म्हणून जळलेली गोदामं आणि चेपलेल्या गाड्या बघून बघून तुला धडधाकट वस्तूतही आधी नुकसानच दिसतं, हे मी समजून घेते. पण आई म्हणजे गोदाम नव्हे. 'ब्याऐंशी वर्षांच्या बाईला राष्ट्रीय उद्यानात नेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा' असं तू लिहिलंस. लिहिताना एवढं तरी आठवायचं होतंस, की हा वेडेपणा आपल्या घरात आईबाबांनीच सुरू केला आणि त्यात सगळ्यात जास्त तू रमायचास.

आता घडलं ते पहिल्यापासून सांगते, कारण तुला ते फोनवर आणि भलत्या टोकापासून कळलं. वहिनींच्या ऑपरेशनसाठी तुम्ही दोघं बाहेरगावी गेलात आणि मला दोन दिवस आईजवळ ठेवलंत. मी कवळ्यांचं काम बरोबर आणलं होतं (दोन वरच्या, एक खालची, दंतवैद्यांना शुक्रवारी हव्या होत्या) आणि तुझ्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून लोकांचे दात घासत बसले होते. आई खिडकीत होती. त्या खिडकीतून काय दिसतं ते तुला ठाऊक आहेच. समोरच्या इमारतीची भिंत आणि तिच्यावरचा पाइप. तुमची लिफ्ट बंद पडल्याला आठ महिने झाले, म्हणजे आई आठ महिने तो पाइप बघत होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, आज पाइप गळत नाहीये. मी म्हटलं, बरं झालं. मग चाकाची खुर्ची माझ्याकडे वळवली आणि म्हणाली, "मला अस्वल बघायचंय."

"कधी?"

"दात वाळेपर्यंत थांबते."

आता तूच सांग, यावर कोणती मुलगी नाही म्हणेल? (तू म्हणाला असतास. म्हणून तुला विचारलं नाही.) आमच्या ह्यांची त्या दिवशी सुट्टी होती, त्यांना बोलावून घेतलं. आयुष्यभर बस चालवलेला माणूस, कुठे जायचं एवढंच विचारतो, कशाला ते विचारत नाही. तीन मजले खुर्चीसकट आईला उतरवायचं म्हणजे दोन माणसांचं काम नव्हे, म्हणून तुमच्या खालच्या केशकर्तनालयाच्या मालकाला हाक मारली. तो आला, आणि अर्ध्या गालाला फेस लावलेलं त्याचं गिऱ्हाईकही आलं, कारण उरलेली दाढी होईपर्यंत त्याला दुसरा उद्योग नव्हता. आई मध्ये बसून सूचना देत होती. दुसऱ्या मजल्यावर तिनं सगळ्यांना थांबवलं आणि तिथल्या दारावरची नवी पाटी वाचली. आठ महिन्यांत शेजारी बदलले होते आणि तिला पत्ताच नव्हता.

उद्यानाच्या फाटकावर वनरक्षक बाई होत्या. गळ्यात शिट्टी, चेहरा शिट्टीसारखाच. म्हणाल्या, चाकाची खुर्ची गाड्या लावायच्या जागेपर्यंतच, पुढे नाही. आई म्हणाली, "चालेल. मग अस्वलाला इकडे बोलवा." तेवढ्यात मागे शाळेची सहल येऊन थडकली. त्या मुलं मोजायला वळल्या आणि आम्ही आत सटकलो. हा नियमभंग होता, हे मला मान्य आहे. मान्य करणं आणि माफी मागणं यात फरक आहे.

ओढ्यापाशी जाणारी लाकडी वाट अजून तशीच आहे. अकरा पायऱ्या उतरायच्या आणि मग सपाट फळ्या. पायऱ्यांवरून आम्ही खुर्ची कशीबशी उतरवली. फळ्यांवर मात्र दहा पावलं गेलो न गेलो तोच खुर्चीचं पुढचं चाक फटीत रुतून बसलं. ओढलं, ढकललं, चाकाला बोल लावले, उपयोग नाही. हे गाडीतून पहार आणायला गेले. आणि तेव्हा पलीकडच्या काठावरची झुडपं हलली.

दादा, अस्वल होतं. बरोबर पिल्लू. मी अजिबात घाबरले नाही. आई पाण्यात उतरली (अस्वलाची आई, आपली नव्हे), अंग झाडलं, मग 'प्राण्यांना खायला घालू नये' या पाटीच्या खांबाला पाठ लावून अशी काही खाजवायला लागली की खांब तिरका झाला. पिल्लानं पाटीवर चढायचा प्रयत्न केला आणि दोनदा चिखलात आपटलं. आणि आपली आई हसली. तोंडावर हात ठेवून, खांदे हलेपर्यंत, आवाज न करता. बाबा गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. तू पाहिलंस का? मी खरंच विचारते आहे.

मग वनरक्षक बाई आल्या. अस्वलं आधीच निघून गेली होती, पण बाईंना कुणावर तरी शिट्टी वाजवायची होती, ती माझ्यावर वाजली. घरच्या जबाबदार माणसाचा नंबर द्या म्हणाल्या. मी शेजारी उभी असताना आईनं तुझा नंबर घडाघडा सांगितला. माझा तिला पाठ नाही. (याचं वाईट वाटून घ्यायला मला अजून वेळ मिळालेला नाही.) म्हणून तुला दवाखान्याच्या बाकावर 'तुमच्या मातोश्री अस्वलासमोर अडकल्या आहेत' असा फोन आला. 'अडकल्या होत्या' असं सांगायला हवं होतं. काळाची चूक बाईंची. (आईला परत तीन मजले चढवणं जमणारं नव्हतं, म्हणून उद्यानातून तिला सरळ माझ्याकडेच आणलं.)

तू लिहिलं आहेस, त्या जंगलात आहे काय? तूच सांग, काय होतं? मी नऊ वर्षांची आणि तू तेरा, तेव्हा धुक्याच्या दिवशी आपण मचाणावर सहा तास बसलो होतो. काहीही दिसलं नाही. बाबा बसल्या बसल्या घोरत होते, आई मोजा विणत होती, आणि तू आणि मी सुतार पक्ष्याचे ठोके मोजत होतो. चारशे बारा झाले आणि तू म्हणालास, "आपण इथंच राहू या." परतताना तू गाडीत तोंड फिरवून रडलास. मी कुणाला सांगितलं नाही, आज पहिल्यांदा लिहिते आहे. बाबा गेले आणि त्यानंतर तू तिथे पाऊल टाकलं नाहीस. त्याबद्दल मी तुला कधी बोलले नाही. पण तू जात नाहीस म्हणून आईनं पाइप बघत बसायचं, हे मला मान्य नाही, आणि या घरात तरी कुणालाच मान्य नाही. लेखी हवं होतं ना? हे घे लेखी.

वहिनींनी डोळ्याला जपावं. तू रक्तदाबाला जप.

तुझी (माफी न मागणारी) धाकटी बहीण

ता. क. आई मला खोटं पत्र टपालात टाकू देत नाही, म्हणून लिहिते. अस्वल आलं तेव्हा मी वाटेकडेच्या बाकावर चढून डोळे गच्च मिटून घेतले होते. वरची सगळी हकिगत आईची आहे. ती हसत होती हेही मला खुर्ची करकरल्यामुळे कळलं, मग एक डोळा उघडून तेवढंच पाहिलं. तेव्हा अस्वल बघायचं माझं राहूनच गेलं आहे.

आणखी ता. क. वनरक्षक बाईंना मी पत्र लिहिलं होतं (त्यात माफी आहे, त्या परक्या आहेत). त्यांचं उत्तर आलं. पायऱ्यांवर दोन तगडी माणसं असतील तर खुर्ची नेऊ देतील, वाटेवर फळ्याही टाकून देतील. ह्यांची कंबर त्या दिवसापासून धरली आहे. शनिवारी सकाळी सहाला निघायचं आहे. पुढचं आई स्वतः लिहिते आहे.

बाळ, शनिवारी ये. पायऱ्यांवर खुर्चीची मागची बाजू तू धर. ही बोलत बसते आणि खुर्ची कलते. — आई