अंगठी घालतानाचे शब्द

स्टॉकपोर्ट, ४ मे १८३५
चि. टॅबिथास, अ. आ. वि. वि.
आईचं पत्र आलं. लग्न अर्धवट टाकून तू नि इनॉक चर्चमधून निघून आलात आणि त्याच दिवसापासून एका घरात राहता! वेड लागलंय का तुम्हाला? अंगठी घालताना नवऱ्यानं पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांची नावं घ्यायची, एवढंच ना? देव एकच, तीन नव्हे, हे मीही दर रविवारी आपल्या पंथाच्या चॅपलमध्ये सांगतो. पण इंग्लंडात कायद्यानं लग्न सरकारी चर्चमध्येच लागतं, त्याला इलाज काय? माझ्या लग्नात मी ते शब्द पुटपुटलो. काही झिजलो नाही.
इथे माझ्या चॅपलच्या मंडळीत कुजबुज वाढली, तेव्हा काल व्यासपीठावरून सांगून टाकलं की या बाईशी माझा संबंध नाही.
सुधारलीस तर लोभ राहील.
जोसाया

हॅझलडेन, ११ मे १८३५
ती. दादास, सा. न. वि. वि.
मोठा आहेस म्हणून नमस्कार, बाकी कशासाठी नाही.
इनॉकनं त्या शब्दांविरुद्ध निषेधाचा कागद आधीच पाद्र्याच्या हाती दिला होता. त्यानं तो चुरगाळून खिशात कोंबला. अंगठी घालताना इनॉक पित्याच्या नावाने एवढंच म्हणून थांबला. पाद्र्यानं तीनदा दरडावलं. मग मला विचारलं, पोरी, तुझा माणूस तोतरा आहे का गं? मागचे बाक खिदळले. इनॉकचे ओठ हलायला लागले. माझ्यासाठी तो म्हणणार होता, दादा! मी हात मागे ओढला आणि म्हटलं, चल घरी. आईच पहिली उठली. संध्याकाळी आपल्या चॅपलमध्ये सगळ्यांसमोर आम्ही एकमेकांना वचन दिलं.
ज्यूंना, क्वेकर पंथीयांना आपापल्या रीतीनं लग्न करता येतं. आपणच तेवढे खोटं बोलायचं! याच श्रद्धेपायी आजोबांनी जमावाचे दगड खाल्ले. तू शब्द पुटपुटलास म्हणतोस. मला झिडकारताना आवाज पुटपुटता होता, की खणखणीत?
लोभ तुझ्याजवळच ठेव.
टॅबिथा

स्टॉकपोर्ट, १० जुलै १८३७
चि. टॅबिथास, अ. आ. वि. वि.
नवा कायदा लागू झाला. नोंदणी अधिकारी हजर असला की आपल्या चॅपलमध्ये, आपल्या शब्दांत लग्न लागेल. इकडे या. मी लावतो. झालं गेलं विसर.
जोसाया

हॅझलडेन, १७ जुलै १८३७
ती. दादास, सा. न.
नाही विसरत. आमची मार्था दीड वर्षाची झाली. कायदा तिला अनौरसच म्हणतो, पुढेही म्हणेल. लग्न इथेच, तीस तारखेला. यायचं असेल तर ज्या व्यासपीठावरून मला टाकलंस, तिथूनच आधी चूक कबूल कर. नाहीतर वाट वाकडी करू नकोस.
टॅबिथा

स्टॉकपोर्ट, २४ जुलै १८३७
चि. टॅबिथास, अ. आ.
काल बोललो. माझ्या लग्नातलं पुटपुटणंही सांगितलं. निम्मी मंडळी उठून गेली. विश्वस्तांनी राजीनामा मागितला, तो तिथल्या तिथे लिहून दिला. तुझी वहिनी हॅना दोन वर्षांनी माझ्याकडे पाहून हसली. मला माझाच इतका राग आलाय की तो उतरू नये असं वाटतं.
शुक्रवारी आम्ही दोघं पायी निघतो. व्यासपीठावर मला जागा नको. मार्थाला मामा आहे, एवढं तिला सांगून ठेव.
तुझा
जोसाया