शेवटच्या चौकोनातलं नाव

अप्पा, आज पुन्हा एक मुलगी फॉर्म घेऊन आली होती. गलोंड्याच्या ज्या सूत कारखान्यात मी लॅबमध्ये आहे, तिथल्या फोरमनची मुलगी. बाप धुळ्याकडचा, हिचं बोलणं अर्धं गुजराती. परदेशी विद्यापीठात शिकायला काय काय लागतं, हे तिला माझ्याकडून हवं होतं, म्हणजे जिचा पासपोर्ट कोराच राहिला तिच्याकडून! "मावशी, आ लास्ट नेममध्ये काय लिहू?" तिनं विचारलं. "आडनाव!" मी इतक्या जोरात म्हणाले की पोरगी दचकली.

तुम्ही रत्नागिरीहून सिल्वाशाच्या सरकारी कचेरीत कारकून म्हणून आलात आणि बघता बघता फॉर्मवाले काका झालात. खानवेलची पहिली बस आली की माणसं सरळ तुमच्या टेबलाशी. "काका, फारम भरी आपो ने." जमिनीचा असो, रेशनचा असो, तुम्ही चष्मा पुसून भरायला घ्यायचात. तुमचा एकच नियम: कागदावर आहे तसं लिहायचं, आपली अक्कल चालवायची नाही. मग माझा परदेशी विद्यापीठाचा फॉर्म दुसऱ्या कुणाच्या हातात कसा जाणार? त्या विद्यापीठाला सोळा वर्षांचं शिक्षण हवं होतं. आपली बी.एस्सी. एका वर्षानं कमी पडली, म्हणून मुंबईला राहून मी एम.एस्सी. केलं. त्यांची इंग्रजीची परीक्षाही दिली. तिचा फॉर्म मी हॉस्टेलवरच पासपोर्ट बघून भरला होता. त्यात सरळ 'सरनेम' विचारलं होतं. प्रवेशाचा अर्ज मात्र सिल्वाशाला आला.

तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे: तुम्ही स्वयंपाकघरात बसला आहात, कारण उजेड तिथे चांगला. साबणानं हात धुतलेत, आईला फोडणी थांबवायला लावलीय. शेजारी माझी मार्कशीट: आधी आडनाव, मग माझं नाव, शेवटी तुमचं. फॉर्मवर तीन चौकोन: फर्स्ट, मिडल, लास्ट. तुम्ही पहिल्यात पहिलं लिहिता, मधल्यात मधलं, शेवटच्यात शेवटचं. अक्षर छापल्यासारखं.

उत्तर आलं ते 'मिस' आणि पुढे तुमचं नाव अशा पत्त्यावर. पोस्टमननं ते कचेरीत तुमच्याच हातात दिलं. "काका, तमे मिस क्यारथी थया?" तुम्ही कधीपासून 'मिस' झालात, म्हणून सगळी कचेरी हसली म्हणे. तुम्हीही हसला असाल, पाकीट फोडेपर्यंत. त्यांच्या कागदांत माझ्या एकीच्याच दोन मुली झाल्या होत्या. तुमच्या नावाच्या मुलीनं अर्ज केला होता, पण इंग्रजीची परीक्षा दिली नव्हती. आडनावाची मुलगी परीक्षा पास होती, पण तिचा अर्ज नव्हता. म्हणून मी अपात्र. हे कोडं आपल्याला सुटलं तोवर जागा भरल्या होत्या.

मी तेव्हा आईसमोर म्हणाले, "जन्म गेला फॉर्म भरण्यात, आणि पोरीचं आडनाव लिहिता येईना?" तुम्ही पानावर बसलात. जेवलातही. दुसऱ्या दिवसापासून खानवेलच्या माणसांना तुम्ही सांगायला लागलात, "माझ्याच्यानं होत नाही आता, दुसऱ्याकडे जा." पुढच्या वर्षी तुम्ही दबकत विचारलंत, "परत भरतेस काय गो? तूच भर, मी हात लावत नाय." मी रागानंच गलोंड्याची नोकरी धरली. तुम्हाला शिक्षा द्यायची होती मला, आणि ती मी दिली. दोन वर्षांनी तुम्ही गेलात. तुमचं पेन आईनं मला दिलं. मी ते वापरत नाही. आता वय उलटलं, शिकलेलं विसरले, दिवसभर धाग्याचा ताण मोजते. माझं परदेशी शिकणं होणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

आज त्या मुलीचा फॉर्म मी तीनदा तपासला. ती गेल्यावर हे लिहायला बसले. टाकायला पत्ता नाही, असता तरी टाकलं नसतं, कारण एक गोष्ट आईलासुद्धा सांगितलेली नाही. त्या दिवशी फॉर्म भरून झाल्यावर तुम्ही तो माझ्यापुढे सरकवलात आणि म्हणालात, "बघ गो नीट, मागाहून बोलू नको." मी ओळीखाली बोट धरून सगळा वाचला होता, अप्पा. शेवटच्या चौकोनात तुमचं नाव होतं, आणि मलाही ते बरोबरच वाटलं होतं.