चिंधी बांधलेली वांगी

कोल्हापूर,
१३ जानेवारी २०२५

ती. आक्कास, ऋताचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडायचे नाही, म्हणून हे पत्र. घरामागच्या मोकळ्या जागेत भाजी लावायला मी कॉलेजच्या पोरांना परवानगी दिली, ती आता भोगते आहे. सेंद्रिय म्हणे! दर शनिवारी भाजी मुलींच्या वसतिगृहात जाते, इथवर ठीक. पण तुझ्याकडून वांग्याचे बी नेणारी ती सुष्मिता आणि तिच्या वर्गातला सम्राट संक्रांतीला गावी गेले, आणि झाडावर तीन वांगी पिवळी पडून लोंबताहेत! वर देठाला चिंध्या, जणू बोट कापलंय. मी तिन्ही तोडून खताच्या खड्ड्यात टाकली. पुढच्या सोमवारी आले की शिस्त म्हणजे काय ते सांगणार आहे.

गुडघे जप. लोभ आहेच, तो कमी करू नकोस.

तुझी,
ऋता

कुरुंदवाड,
१५ जानेवारी

चि. ऋतास आक्काचे आशीर्वाद.

अगं बये, ती सडकी न्हवती, बियाला राखलेली हुती. चिंधी बांधली म्हंजे हात लावायचा न्हाय, हे तुझ्या कॉन्व्हेंटात सांगितलं न्हाय व्हय? माझं बियांचं गाडगं पुरात गेलं. पुराआधी त्या पोरीनं चिमूटभर नेलेलं, तेवढंच आपल्या वांग्याचं बी उरलंय. आत्ताच्या आत्ता खड्डा उकर. गर पाण्यात चोळ, तळाला बसंल ते घे, राखेत घोळून सावलीत वाळव. आणि पोरांना तू सांग, मी सांगणार न्हाय.

माझा ल्योक कृष्णात कोल्हापूरला निघालाय, त्याच्या हाती धाडते. त्याला जेवायला घाल. रागावले तरी माया हाय की.

आक्का

कोल्हापूर,
३० जानेवारी

ती. आक्कास, सा. न. वि. वि.

साडी खोचून खड्ड्यात उतरले. दोन वांगी आतल्या उष्णतेने शिजून लगदा झाली होती. एक घट्ट निघाले. पुढचे तू सांगितलेस तसे केले. वीस तारखेला, सोमवारी पोरे आली. शिस्तीचे भाषण तयार होते. त्याऐवजी, मी तोडली, एवढेच म्हणाले. सुष्मिताने वाळवलेले बी एकेक करून मोजले. चार टोमणे मारले असते तर मी परतवले असते. मोजत बसणाऱ्याचे काय करायचे? बी मात्र तिने माझ्याच हातून पेरून घेतले.

आज सातवा दिवस. कोंब नाही. आला नाही तर तुझे वांगे माझ्यामुळे संपले. पुस्तक उघडते, मिटते, पुन्हा घरामागे जाऊन बोटाने माती सारून बघते. सम्राट म्हणतो, आजी, सारखं उकरलं तर उगवायचं तेबी मरंल. काल त्याने वाफ्याभोवती बोरीच्या काटेरी फांद्या रोवल्या. शेळी खाईल, म्हणाला. आक्का, आमच्या कॉलनीत शेळी आहे कुठे?

माया असू दे, यंदा जरा जास्तच लागेल.

तुझी,
ऋता