चौतीस प्रश्न आणि एक चष्म्याचं दुकान

३ जून

चि. टिटवीस काकाचे अ. उ. आ.

तुझ्या बापाने सांगितलं की तू ऑफिसात बसून हजारो अनोळखी लोकांना ई-मेल पाठवतेस, त्यांना प्रश्न विचारतेस आणि लोक चक्क उत्तरंही देतात. माझा विश्वास बसला नाही, पण गरज माझी आहे.

माझ्या चष्म्याच्या दुकानासमोर ते काचेच्या दारांचं दुसरं दुकान उघडून दोन वर्षं झाली. काल दिवसभरात माझ्याकडे एकच माणूस आला, तोही दांडीचा स्क्रू आवळून घ्यायला. जागेचा करार वाढवायचा की नाही, हे जुलैअखेर मालकाला कळवायचं आहे. तुझी काकू म्हणते, आता पुरे झालं, शटर ओढा. ओढीन. पण एकतीस वर्षं येणारी माणसं का येईनाशी झाली, हे कळल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

वहीत दोनशे बारा गिऱ्हाइकांचे ई-मेल पत्ते आहेत. चौतीस प्रश्न काढलेत, सोबत जोडले आहेत. तपासून दे. उत्तर कागदावरच पाठव. माझी मेलपेटी तुझ्यासारख्यांच्या जाहिरातींनी तुंबली आहे, त्यात तू सापडायची नाहीस.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
काका

९ जून

ती. काकांना टिटवीचा शि. सा. न. वि. वि.

प्रश्न वाचले. बाबांनाही वाचून दाखवले. ते बाराव्या प्रश्नाला झोपले. काका, चौतीस प्रश्न फक्त परीक्षेत विचारतात, आणि तिथेही पर्याय असतो. पाच ठेवा. दोन मिनिटांत संपेल असं आधीच सांगा आणि खरंच संपू द्या.

सातवा प्रश्न तर कमालच आहे. ‘आमच्याइतकी अचूक तपासणी कुठेच होत नाही, हे आपल्याला मान्य आहे ना?’ आणि उत्तराला पर्याय दोन : ‘होय’ आणि ‘अर्थातच’. असं विचारल्यावर माणूस खरं कशाला सांगेल? सरळ विचारा की आमच्याकडे येणं का थांबलं. खाली मोकळी जागा सोडा. उत्तरं मेलने न मागवता लिंकवरच्या फॉर्ममध्ये भरू द्या आणि नाव मागू नका, म्हणजे मनातलं लिहितील.

मेलच्या विषयात ‘अत्यंत महत्त्वाचे!!!’ असं लिहिलंत तर कुणी उघडणार नाही. तुमचं दुकान कोणतं आणि काम काय, एवढंच लिहा. मजकूर चार ओळींचा, अक्षर मोठं. ज्याला पुन्हा मेल नको, त्याला यादीतून सहज बाहेर पडता आलं पाहिजे. मंगळवारी सकाळी दहा-अकराला पाठवा, सोमवारी लोक आधीच वैतागलेले असतात. आधी स्वतःलाच पाठवून बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पत्ते एकमेकांना दिसणार नाहीत अशा रकान्यात भरा. हे विसरलात तर माझं नाव सांगू नका.

काकूला नमस्कार. तुमचा ओरडाही आशीर्वाद समजणारी,
टिटवी

२० जून

चि. टिटवीस अ. उ. आ.

तुझं नाव सांगितलेलं नाही.

पत्ते चुकीच्या रकान्यात गेले. दोनशे बारा माणसांना दोनशे बारा पत्ते दिसले. एका गायन शिक्षिकेने मला यादीतून काढा असं सगळ्यांनाच कळवलं. त्यावर चाळीस जणांनी, सगळ्यांना उत्तर पाठवू नका, असं सगळ्यांना उत्तर पाठवलं. एका दाताच्या डॉक्टरने तेवढ्यात स्वतःच्या दवाखान्याची वेळ कळवून घेतली. मी प्रत्येकाची वेगळी माफी मागितली, त्यात दोन दिवस गेले.

अक्षरही बारीक गेलं. एका आजोबांनी फोन करून विचारलं, ही प्रश्नावली आहे की नजरेची तपासणी?

तरीही त्रेचाळीस उत्तरं आली. आणि टिटवे, त्यातल्या एकोणतीस जणांनी लिहिलंय की मी ओरडतो! समोरच्या दुकानात म्हणे कुणी बोलत नाही. मी ओरडतो? आडवं पडून वाचणाऱ्या शाळेच्या बाईंना आडवं पडून वाचू नका म्हणालो, हे ओरडणं झालं? तिसऱ्या उत्तरात तर लिहिलंय की दुकानदार माणूस चांगला आहे, पण त्याच्यापुढे डोळे तपासायला बसलं की नापास व्हायची भीती वाटते. हा कोण ते मी शोधून काढणारच. भाषेवरून तो निवृत्त पोस्टमास्तर वाटतो. काकूला वाचून दाखवलं, तर ती जेवता जेवता उठून पाणी आणायला गेली.

एकोणतीस जणांचा अपराधी,
काका

२६ जून

ती. काकांना शि. सा. न. वि. वि.

पोस्टमास्तरांच्या मागे लागू नका. नाव विचारणार नाही असा शब्द दिलात, तो मोडलात तर पुढे कुणी खरं सांगणार नाही.

एक सांगू? नववीत मला फळ्यावरचं दिसत नव्हतं. सहा महिने शेजारणीच्या वहीतून उतरवून घेतलं, कारण चष्मा म्हणजे तुमच्याकडे यायचं आणि तुम्ही काय म्हणाल ते मला पाठ होतं. त्या एकोणतीस जणांत मलाही धरा, म्हणजे तीस होतील.

पण बघा, ज्यांना तुमचं काही पडलेलं नाही ते लिहीतच नाहीत. आमच्याकडे हजारात वीस उत्तरं आली तरी आम्ही खूश होतो. आता दुसरी मेल पाठवा. तुम्ही काय ऐकलंत आणि काय बदलणार, एवढंच. तीन ओळी, बाजू मांडायची नाही.

रागावला असाल तर दोन दिवसांनी हेच पत्र पुन्हा वाचा.
तुमचीच,
टिटवी

१४ जुलै

चि. टिटवीस काकूचे अ. उ. आ.

तुझे काका कामात आहेत, म्हणून मी लिहिते. हे वाक्य मी दोन वर्षांनी लिहिते आहे.

दुसऱ्या मेलचा त्यांचा पहिला मसुदा नऊ पानांचा होता. चार दिवस खाडाखोड करून तीन ओळी राहिल्या : मी बोलतो फार. आपल्याला त्रास झाला, माफ करा. यापुढे डोळेच तपासीन. पाठवल्यावर तापकरी माणसासारखे पांघरूण घेऊन पडले.

दहा-बारा दिवसांत सोळा जण येऊन गेले. शाळेच्या बाई आल्या तेव्हा यांनी ओठ इतके घट्ट मिटले होते की दाढ दुखते का, असं बाईंनीच विचारलं. काल मालकाला करार वर्षभर वाढवतो म्हणून कळवलं.

आता माझं. तिसरं उत्तर माझं होतं, गिऱ्हाइकांच्या वहीत माझाही पत्ता आहे. बिचाऱ्या पोस्टमास्तरांकडे हे दोनदा संशयाने बघून आले, तेव्हा मला राहवेना. परवा सांगून टाकलं. हेही सांगितलं की माझा चष्मा दोन वर्षांपासून समोरच्या दुकानातला आहे. फ्रेम हुबेहूब तीच घेतली होती, यांना कळलं नाही. मला वाटलं, आता छप्पर उडणार.

पण यांनी माझा चष्मा काढून उजेडात धरला आणि काच चांगली बसवली आहे, असं म्हणाले. मला खुर्चीत बसवलं, दिवा लावला, एकामागून एक काचा बदलून हे बरं दिसतं की ते, असं विचारलं. नंबर पाऊणने वाढला आहे. का वाढला ते आम्हा दोघांना ठाऊक आहे, मोबाइल माझ्या मांडीवरच होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, कागदावर नंबर लिहिला आणि फ्रेम कोणती आवडेल ते विचारलं.

मी सगळे खण उघडायला लावले.

मनापासून लोभ करणारी,
काकू