गिरणीवर माझी सही नाही

प्रिय बाबा,
पीठ माखलेल्या तुमच्या हातांना नमस्कार.

मी ठणठणीत आहे. जेवण बरं असतं, फक्त इथला पाव कापसासारखा लागतो. आईचा गुडघा काय म्हणतोय?

माझं काम तुम्हाला ठाऊकच आहे. बॉम्ब टाकणं कायद्यात बसतं, असं लिहून मी सही केल्याशिवाय आपलं डॅनिश विमान उडत नाही. मंगळवारी यादीत एक पिठाची गिरणी आली.

मित्रदेशाचे वकील कर्नल म्हणाले, "शत्रूचे सैनिक तिथलंच पीठ खातात. म्हणजे ते लष्करी ठिकाण झालं."

"अख्खं गावही तेच खातं," मी म्हटलं.

"आमच्याकडे युद्धाच्या कायद्यातलं ते कलम असंच वाचतात, बाई."

"मग ऐका. माझे वडील आमच्या सैन्याच्या ओक्सबोल छावणीला एकतीस वर्षं राय धान्याचा काळा पाव पुरवतायत. त्यांची भट्टी कधी उडवताय? वेळ कळवा, म्हणजे आईला बाहेर काढते."

कुणी हसलं नाही. मी सही केली नाही.

आपले जनरल म्हणाले, मित्रांना दुखवू नकोस, शुक्रवारपर्यंत विचार कर. माझा विचार झालाय. कर्नल स्वतःची विमानं पाठवू शकतात, ती मला अडवता येत नाहीत. म्हणून झोप लागत नाही. आईला हे सांगू नका.

घरी धाडलं, तर पीठ मळायला येईन. माझा एप्रन खुंटीवरच राहू द्या.

आज सकाळी विमानातून काढलेला फोटो आला. गिरणी उभी आहे. दारात पिठासाठी लांबलचक रांग आहे, आणि तिच्यात एकही वर्दी नाही.

तुमच्याच वळणावर गेलेली,
थीरा