लोह्याच्या पेरूतलं मीठ

२ डिसेंबर, सोमवार
पेरू आले! लोहा गावच्या किशनरावांच्या बागेतले. आठ — दोनदा मोजले. आमच्या प्रयोगशाळेच्या सरोजिनी मॅडम त्यांतली खनिजं मोजणार. कापणं, वाळवणं, भट्टीत राख करणं, राख आम्लात विरघळवणं — हे माझं काम. बारावी नापासाला नांदेडात याहून बरं काय मिळणार! करार मात्र एकतीसला संपतो.

३ डिसेंबर
एक पेरू खाल्ला. तिखट-मीठ लावून, नमुन्याच्याच सुरीने. सुरी धुतली — बहुतेक. दुपारी कापायला बसलो तर टोपलीत सातऐवजी सहाच! आमचे शिपाई शंकरप्पा, त्यांच्याकडे संशयाने बघितलं. "माझ्या तोंडात दात तरी हायत का?" म्हणाले.

५ डिसेंबर
राखेचं पाणी यंत्राच्या ज्योतीत सोडलं. निळी ज्योत पिवळीधमक! सोडियम नेहमीच्या वीसपट. मॅडम खुर्चीतून उठल्याच. जमीन खारावली असणार म्हणाल्या, किशनरावांना फोनही लावला. मी गंभीर चेहऱ्याने आकडा वहीत उतरवला. सुवाच्य अक्षरात.

६ डिसेंबर
सुरी आठवते. नळ आठवतो. दोन्ही एकत्र आठवत नाहीत.

९ डिसेंबर
किशनराव स्वतः आले. जमीन खराब म्हणून ऐकलेलं, तरी पिशवीभर पेरू घेऊन! व्हरांड्यात मला गाठलं.
"पोरा, सगळं तूच करून राहिलास ना? मग सांग — दीडशे झाडं ठिवू का तोडू?"
थांबा म्हणालो आणि आत गेलो. मॅडमना सगळं सांगितलं — पेरू, तिखट-मीठ, सुरी. मॅडम बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. रागावल्या नाहीत, त्याचीच धास्ती. नव्या पेरूंची राख कर, एवढंच म्हणाल्या.

११ डिसेंबर
सोडियम नेहमीइतकं! किशनरावांना मीच फोन केला. पलीकडे कुणाला तरी म्हणाले, "कुऱ्हाड ठिवून दे."

१२ डिसेंबर
मॅडमनी बोलावलं. करार गेला समजून शर्ट नीट खोचून गेलो. त्यांनी टेबलाचा खण उघडला. आत तिखट-मिठाची पुडी.
"त्या दिवशी तुझ्यानंतर सुरी मी घेतली," म्हणाल्या. "तेव्हा ती ओली होती. धुतलेली."